पहिल्या सोनोग्राफीत नक्की काही कळलं नाही, आता पुढे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळी चुकली, घरच्या टेस्टवर दोन रेघा आल्या, आणि पहिल्या सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाले, "आत्ताच काही सांगता येत नाही, काही दिवसांनी परत बघू." या वाक्यानंतर पडणारे प्रश्न बहुतेक वेळा त्या खोलीतून बाहेर पडल्यावरच सुचतात. ते इथे एकत्र घेतले आहेत.

त्याआधी एक महत्त्वाचं. ओटीपोटात एका बाजूला जोराची किंवा वाढत जाणारी कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, शौचाच्या वेळी दुखणं किंवा विचित्र दाब यांपैकी काहीही असेल, किंवा तासाला दोन मोठे पॅड भिजतील इतकं रक्त सलग दोन तास जात असेल, तर पुढचं वाचत बसू नका. दवाखान्यात जा. रात्रीचे दोन वाजले असले तरी जा.

"आत्ताच सांगता येत नाही" म्हणजे नेमकं काय?

या एका वाक्यामागे तीन वेगवेगळ्या परिस्थिती असू शकतात, आणि तुम्ही त्यांपैकी कुठल्या परिस्थितीत आहात हे माहीत असणं फार गरजेचं आहे.

पहिली: गर्भाशयात सॅक, म्हणजे गर्भाची पिशवी, दिसते, पण आत बाळ दिसत नाही. फार तर योक सॅक, म्हणजे सुरुवातीला बाळाचं पोषण करणारी त्यातली छोटी पिशवी, दिसते. दुसरी: बाळाचा अंकुर, म्हणजे रिपोर्टमध्ये ज्याला फीटल पोल म्हणतात तो दिसतो, पण ठोके दिसत नाहीत आणि त्याची लांबी अजून लहान आहे. तिसरी: टेस्ट पॉझिटिव्ह आहे, पण गर्भाशयात काहीच दिसत नाही.

पहिल्या दोन्हींत प्रश्न एवढाच असतो की गर्भ वाढतो आहे की नाही. तिसऱ्यात प्रश्न वेगळा असतो: गर्भ आहे कुठे? म्हणून तिथे तपासण्याही वेगळ्या लागतात आणि लक्षही जास्त ठेवावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर फोन करून विचारा. तो तुमचाच रिपोर्ट आहे.

माझ्या हिशोबाने सात आठवडे झालेत, सोनोग्राफीत साडेपाचच येतात. गर्भाची वाढ थांबली का?

तसंच असेल असं नाही. आठवडे मोजले जातात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्या हिशोबात पाळी 28 दिवसांची आहे आणि बीज चौदाव्या दिवशी सुटलं असं गृहीत धरलेलं असतं. ते विसाव्या किंवा पंचविसाव्या दिवशी सुटलं असेल, तर हिशोब सहा किंवा अकरा दिवसांनी पुढे गेलेला असतो आणि बाळ स्वतःच्या वयाप्रमाणे अगदी बरोबर वाढत असतं. पीसीओएस असेल, गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील, बाळ अंगावर पीत असताना पुन्हा दिवस गेले असतील, तर असं सर्रास होतं. पाळी घड्याळासारखी येणाऱ्या बायकांचंही एखाद्या महिन्यात होतं.

पण इथे खोटा दिलासा देणंही बरोबर नाही. आयव्हीएफने दिवस गेले असतील तर तारीख पक्की असते आणि उशिरा बीज सुटल्याचा आधार घेता येत नाही. तसंच, घरची टेस्ट पहिल्यांदा कधी पॉझिटिव्ह आली ते आठवा. साधारण चार आठवड्यांच्या आसपास, फार तर त्याच्या दोन-चार दिवस आधी, ती पॉझिटिव्ह येते. तीन आठवड्यांपूर्वीच दोन रेघा आल्या असतील, तर आज साडेपाच आठवडे असणं अवघड आहे. ही तारीख डॉक्टरांना सांगा. पाळीच्या तारखेइतकीच ती कामाची असते.

कधी काय दिसायला हवं?

आतून, म्हणजे योनीमार्गे, केलेल्या सोनोग्राफीत साधारण पाच आठवड्यांना सॅक, साडेपाचच्या आसपास योक सॅक आणि सहा आठवड्यांच्या सुमारास बाळाचा अंकुर व ठोके. पोटावरून केली तर हेच सगळं काही दिवस उशिरा दिसतं. त्यामुळे सोनोग्राफी फक्त पोटावरून झाली असेल, तर आतून करून बघता येईल का, हे विचारायला हरकत नाही. आतून केल्याने गर्भाला धक्का बसत नाही आणि त्यामुळे गर्भपातही होत नाही.

इतके दिवस का थांबायचं? परवाच दुसरीकडे जाऊन करून घेऊ का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि मन असंच धाव घेणार हेही साहजिक आहे. पण हे थांबणं म्हणजे तपासणी पुढे ढकलणं नव्हे. या टप्प्यावर मधले दिवस हाच तपासणीचा भाग असतो. एका सोनोग्राफीतून आज काय आहे तेवढंच कळतं. वाढ होते आहे का, हे दोन सोनोग्राफींमधल्या फरकातूनच कळतं, आणि तो फरक नजरेत भरण्याइतके दिवस मध्ये जावे लागतात.

सहाव्या आठवड्यानंतर अंकुर दिवसाला साधारण 1 मिमी वाढतो. एकाच बाळाचं माप दोन डॉक्टरांनी घेतलं, किंवा एकाच डॉक्टरांनी दोनदा घेतलं, तरी थोडाफार फरक येतो. म्हणजे दोन दिवसांनी पुन्हा केली तर दिसणारा फरक वाढीचा की मोजण्यातला, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. तुम्ही बाहेर पडाल त्या आणखी एका अर्धवट उत्तरासह.

आज बहुतेक ठिकाणी पाळले जाणारे नियम असे आहेत. आतून केलेल्या सोनोग्राफीत अंकुराची लांबी, म्हणजे सीआरएल, 7 मिमी किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा सॅकचा सरासरी व्यास 25 मिमी किंवा जास्त असून आत अंकुरच नसेल, तरच वाढ थांबली असं म्हणता येतं. साध्या पेन्सिलीची जाडी 7 मिमीच्या आसपास असते. इतक्या लहान मापावर एवढा मोठा निर्णय ठरतो. त्याखालचं कुठलंही माप असेल, तर उत्तर एकच: थांबा आणि पुन्हा बघा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना किमान 7 दिवस थांबायला सांगतात, आणि माप या रेषेच्या वर असलं तरीही दुसऱ्या तज्ज्ञाकडून खात्री करून घ्यायला किंवा 7 दिवसांनी पुन्हा बघायला सांगतात. सोनोग्राफी पोटावरूनच झाली असेल तर 14 दिवस. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटाने 2012 मध्ये बसून जे निकष ठरवले, त्यांत योक सॅक नसलेली सॅक दिसल्यास दोन आठवडे आणि योक सॅक असल्यास 11 दिवस थांबावं असं आहे.

पूर्वी या रेषा बऱ्याच खाली होत्या. 5 मिमीच्या अंकुरात ठोके नाहीत किंवा 16 मिमीची सॅक रिकामी आहे, एवढ्यावर निदान केलं जाई. या मापांवर क्वचित एखादा वाढणारा गर्भही "थांबला" ठरू शकतो हे लक्षात आलं, तेव्हा 2011 ते 2013 या काळात रेषा वर नेण्यात आल्या. म्हणजे तुम्हाला थांबायला सांगणारे डॉक्टर टाळाटाळ करत नाहीत. घाई करून चुकीचं निदान होऊ नये, याची काळजी घेत आहेत. उलट 4 मिमीचा अंकुर आणि ठोके नाहीत, एवढ्यावर कुणी पहिल्याच भेटीत "उद्या पिशवी साफ करून घ्या" म्हणत असेल, तर दुसरं मत घ्या. रक्तस्राव किंवा दुखणं नसताना आठवडाभर थांबण्याने बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

बीटा एचसीजी करून लगेच कळेल का?

बीटा एचसीजी म्हणजे गर्भारपणातल्या संप्रेरकाचं रक्तातलं प्रमाण. गर्भाशयात सॅक दिसली असेल, तर या रक्ततपासणीपेक्षा पुढची सोनोग्राफीच जास्त सांगते. एकाच रिपोर्टवरच्या आकड्याला तर फारसा अर्थच नसतो. एकाच आठवड्याच्या दोन निरोगी गर्भारपणांत आकडे कितीतरी पटींनी वेगळे असू शकतात.

"दोन दिवसांत दुप्पट झालंच पाहिजे" हे ऐकून अनेकजणी हवालदिल होतात. ते तितकंसं खरं नाही. सुरुवातीचा आकडा 1500 च्या आत असेल, तर 48 तासांत सुमारे 49 टक्के वाढ ही वाढणाऱ्या गर्भातली किमान अपेक्षित वाढ धरतात. आकडा जसा मोठा होतो, तशी वाढीची गती मंदावते. दुसरी बाजूही सांगायला हवी: चांगला वाढलेला आकडा गर्भ कुठे आहे ते सांगत नाही, आणि पुढे काय होईल याची हमीही देत नाही. दोन्ही वेळा रक्त एकाच लॅबमध्ये द्या, नाहीतर आकड्यांची तुलना करता येत नाही.

गर्भाशयात काहीच दिसलं नाही. म्हणजे गर्भ नळीत (गर्भनलिकेत) आहे का?

असू शकतो, पण बहुतेकदा नसतो. गर्भ अजून दिसण्याइतका मोठा नसतो, किंवा सुरुवातीलाच थांबून आपोआप विरघळत असतो. तरीही नळीतला गर्भ ही शक्यता पूर्णपणे बाजूला सारेपर्यंत डॉक्टर तुम्हाला मोकळं सोडणार नाहीत, आणि सोडूही नये. दर 48 तासांनी रक्त, मध्ये सोनोग्राफी, असं चालतं. एकही तारीख चुकवू नका. या काळात एकटीने लांबचा प्रवास टाळा, सुरुवातीला दिलेली लक्षणं घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा, आणि रिपोर्टची फाइल हाताशी असू द्या.

मेथोट्रेक्झेटचं, म्हणजे गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन सुचवलं गेलं, तर "गर्भ गर्भाशयात नाही याची पूर्ण खात्री झाली आहे का?" हा प्रश्न जरूर विचारा. ते वाढणाऱ्या गर्भाला घातक असतं. तुमची तब्येत स्थिर असेल, तर खात्री करून घ्यायला सहसा वेळ असतो.

माझ्या हातून काही चुकलं का?

नाही. सुरुवातीच्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांमागे गुणसूत्रांतली गडबड असते, आणि ती बीज फळतं त्या सुमारालाच ठरून गेलेली असते. जड बादली उचलली, जिने चढले, प्रवास केला, संबंध ठेवले, कुणाशी तरी कडाक्याचं भांडण झालं, "आत्ताच नको होतं" असा विचार मनात आला, यांतल्या कशानेही सॅक रिकामी राहत नाही. मागचा महिना दिवसागणिक उलगडून चूक शोधायचा मोह होईल. घरातलं कुणी वडीलधारं माणूस "तेव्हा एवढी धावपळ करायला नको होतीस" असं म्हणालं, तर हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या.

अंथरुणावर पडून राहू का? औषध घेऊन काही फरक पडेल का?

पडून राहिल्याने गर्भपात टळतो याला पुरावा नाही. थकवा वाटला तर जरूर आडवं व्हा, पण उठल्याचा अपराध वाटून घेऊ नका.

प्रोजेस्टेरॉनबद्दल थोडं नीट सांगायला हवं, कारण ते फार सहज लिहून दिलं जातं. ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त बायकांवर झालेला प्रिझम नावाचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भारपणाच्या सुरुवातीला रक्त गेलेल्या बायकांमध्ये प्रोजेस्टेरॉन घेतलेल्या 75 टक्क्यांना आणि न घेतलेल्या 72 टक्क्यांना बाळ झालं. हा फरक ठोस म्हणण्याइतका नव्हता. पण आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांमध्ये तो ठळक होता: 72 टक्के आणि 57 टक्के. त्यामुळे आधी गर्भपात झाला असेल आणि आत्ता रक्त जात असेल, तर डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोला. बाकीच्यांसाठी ते निकाल बदलणारं औषध नाही. वाढ थांबलेल्या गर्भाला ते पुन्हा वाढवू शकत नाही.

फॉलिक ॲसिड चालू ठेवा. दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालतं. इतर वेदनाशामक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

थोडं स्पॉटिंग होतंय. संपलं का सगळं?

नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत थोडंफार रक्त दिसणं बरंच आढळतं, आणि अशा अनेकजणींचं गर्भारपण पुढे नीट पार पडतं. तपकिरी रक्त बहुधा जुनं असतं. लालभडक, गाठींसह, पोटात कळांसह येत असेल तर त्याच दिवशी कळवा. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर तेही आठवणीने सांगा.

मळमळ अचानक कमी झाली.

एवढ्यावरून काहीही ठरत नाही. लक्षणं येतात-जातात, आणि वाढ थांबल्यानंतरही ती काही दिवस राहू शकतात. शरीराकडून उत्तर काढून घ्यायचा प्रयत्न थकवतो आणि हाती काही लागत नाही.

मधले दिवस काढायचे कसे?

हे दिवस कसे असतात ते आधी स्पष्ट म्हणायला हवं. दर वेळी बाथरूमला गेल्यावर छातीत धडधडतं, टिश्यू उजेडाकडे धरून रंग पाहिला जातो, बाहेर आल्यावर पाच मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा तेच. रात्री तीन वाजता फोनवर "7 आठवडे ठोके नाहीत" असं शोधून अनोळखी बायकांच्या गोष्टी एकामागून एक वाचल्या जातात. एकीचं बाळ सुखरूप जन्मलेलं असतं, तेव्हा हायसं वाटतं. पुढचीचं नाही, तेव्हा पोटात गोळा येतो. तुम्ही वेड्या झालेल्या नाहीत. उत्तर नसलेल्या प्रश्नाशी मन असंच झटापट करतं.

त्या गोष्टी वाचणं एकदम बंद होणार नाही, पण त्यांतून तुमचं उत्तर मिळणार नाही हे मनाला सांगून ठेवा. ज्यांच्या बाबतीत काही जगावेगळं घडलं त्याच जास्त लिहितात, त्यामुळे त्यावरून शक्यतांचा अंदाज येत नाही. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं ही साधी गोष्ट खरंच उपयोगी पडते.

कार्डिफ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी आयव्हीएफनंतरच्या निकालाची वाट पाहणाऱ्या बायकांसाठी एक छोटं कार्ड तयार केलं होतं. त्यावर दहा लहान वाक्यं. "सगळं छान होईल" असा त्यांचा सूर नाही. या अवघड काळातही जे माझ्या हातात आहे त्याकडे मी लक्ष देईन, अशा धर्तीची ती आहेत. सकाळी आणि रात्री वाचायची. तुम्ही तुमची स्वतःची लिहू शकता: "आज मला उत्तर माहीत नाही. आज मी जेवले, औषध घेतलं, झोपायचा प्रयत्न केला." खरं असेल तेवढंच लिहा. खोटं वाक्य मन स्वीकारत नाही.

हाताला काम देणारं काहीतरी ठेवा: शिवण, कपाटं आवरणं, नोकरीतलं रोजचं काम. अनेकजणींना रजा टाकून घरी बसण्यापेक्षा कामावर जाणं बरं वाटतं, काहींना अजिबात जमत नाही. दोन्ही ठीक.

आशा ठेवू की मनाची तयारी करू?

यांतलं एक निवडावं लागेल असं अनेकींना वाटतं. आशा ठेवली तर नंतर जास्त लागेल, म्हणून आधीच वाईट धरून चालायचं. पण वाईट आधीच गृहीत धरल्याने नंतरचं दुःख कमी होतं, असा अनुभव फारशा कुणी सांगत नाही. आणि तुम्ही काय विचार करता त्याने गर्भावर परिणाम होत नाही, त्यामुळे "निगेटिव्ह विचार करू नकोस" या सल्ल्याचं ओझंही घेऊ नका. सकाळी बाळाचं नाव सुचावं आणि संध्याकाळी रडू यावं, हे एकाच दिवसात होऊ शकतं. होऊ द्या.

नवरा शांत आहे. त्याला काही वाटतच नाही का?

बहुतेकदा वाटत असतं, पण तुमच्यापुढे खचायचं नाही असं त्याने ठरवलेलं असतं. तुम्हाला मात्र त्या शांततेत एकटं पडल्यासारखं होतं. सरळ विचारा: "तुला कशाची भीती वाटतेय?" आणि तो उपाय सांगायला लागला, तर "उपाय नको, फक्त ऐक" असं म्हणा. दिवसातून एक ठरावीक वेळ या विषयाला देऊन बाकी वेळ इतर बोलायचं, असंही काही जोडप्यांना जमतं. नवऱ्यांसाठी एकच सांगणं: दुसऱ्या सोनोग्राफीला जा. फोनवर नाही, सोबत.

घरी कुणाला सांगावं?

नियम नाही. एक कसोटी मात्र उपयोगी आहे: बातमी वाईट आली तर ज्या माणसासमोर तुम्हाला रडता येईल, त्याला आत्ता सांगा. आई, बहीण, मैत्रीण, सासूबाई, कुणीही. रोज "काय झालं?" विचारणाऱ्याला सांगायचं असेल, तर आधीच सांगून ठेवा की कळलं की मीच फोन करेन.

दुसऱ्या सोनोग्राफीला जाताना काय करू?

पहिला रिपोर्ट सोबत घ्या, त्यातली मापं तुलनेसाठी लागतात. शक्यतो त्याच ठिकाणी करा. स्क्रीन बघायची आहे की नाही, हे आत जाण्याआधी ठरवा आणि सांगा. माप घेताना डॉक्टर काही मिनिटं गप्प असतात. त्या शांततेचा अर्थ लावू नका, ते मोजत असतात. निकाल काहीही आला तरी नंतरचे दोन-तीन तास मोकळे ठेवा.

तेव्हाही नक्की कळलं नाही तर?

असं होतं. थोडी वाढ दिसते, पण अपेक्षेपेक्षा कमी. ही अवस्था सगळ्यात जास्त छळते, कारण सहनशक्ती पहिल्या फेरीतच संपलेली असते. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "तुमच्या अंदाजाने कुठल्या बाजूला झुकतंय?" त्यांना खात्री नसते, पण अंदाज असतो. तो ऐकायचा की नाही हे तुम्ही ठरवा.

वाढ थांबली असं निदान झालं, तर लगेच काही करावं लागतं का?

ताप, खूप रक्तस्राव किंवा नळीतला गर्भ नसेल, तर त्याच दिवशी ठरवायची गरज नसते. आपोआप पडण्याची वाट बघणं, गोळ्या घेणं किंवा क्युरेटिंग, म्हणजे पिशवी साफ करणं, हे तीन मार्ग असतात. प्रत्येकाचे फायदे-तोटे विचारा आणि एक रात्र मध्ये जाऊ द्या.

त्यानंतर मन लवकर सावरलं नाही तर आश्चर्य वाटून घेऊ नका. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सुरुवातीच्या काळात गर्भ गमावलेल्या बायकांपैकी 29 टक्क्यांमध्ये महिन्याभरानंतर आघातोत्तर तणावाची लक्षणं होती आणि नऊ महिन्यांनी 18 टक्क्यांमध्ये. झोप उडाली असेल, तीच सोनोग्राफीची खोली डोळ्यांपुढे येत असेल, किंवा जगण्यात रस उरला नसेल, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा.

ठोके दिसले. तरी भीती जात नाही.

ठोके दिसले आणि वाढ आठवड्यांप्रमाणे असली, की गर्भपाताचा धोका बराच उतरतो. भीती मात्र तारखेप्रमाणे उतरत नाही. पुढच्या सोनोग्राफीच्या आदल्या दिवशी ती पुन्हा उसळते. तुमच्या बाबतीत आधी काय झालं आहे याची डॉक्टरांना आठवण करून द्या, आणि स्क्रीनवर ठोके दिसताच आधी ते सांगावं, मापं नंतर घ्यावीत, अशी विनंती करा. बरेच डॉक्टर आनंदाने ऐकतात.